आत्याचा पिवळा ठिपका

आत्याची दाढ त्या शनिवारी दुखली नसती तर हेडमास्तरांच्या दिवाणखान्याची काच फुटली नसती. पण सगळं दाढेवर ढकलणं बरं दिसत नाही. दाढ बिचारी मुळासकट गेली, तिला आता आपली बाजू मांडता यायची नाही. खरं बोलायचं तर काच भाच्यानं फोडली. तीही चार गल्ल्या पलीकडे, काउंटरमागच्या खुर्चीत बसून, हातात साधा खडासुद्धा न घेता.

भाचा ज्या दुकानात पावत्या लिहितो तिथं अवजारं भाड्यानं मिळतात. शिड्या, ड्रिल, पाणी उपसायचे पंप, भिंती रंगवायचे फवारे आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गवत कापायची तेवीस मशीनं. भाचा चाळिशीचा आहे, डोक्यावरचं पीक विरळ झालंय, दोन मुलांचा बाप आहे. पण दुकानात तो अजून भाचाच. कारण मागच्या शेडमध्ये आत्या आहे. तो तिला आत्या म्हणतो म्हणून मालक तिला आत्याबाई म्हणायला लागले, मेकॅनिक आत्या म्हणायला लागला, आणि आता तर तिच्याहून दहा वर्षांनी मोठी गिऱ्हाइकंही तिला आत्या म्हणतात. तिची तक्रार नाही. तिच्या तक्रारी वेगळ्या आहेत, आणि त्या बहुतेक सगळ्या मशीनच्या खालच्या बाजूला राहतात.

गवत कापायचं मशीन आपण पाहतो ते वरून. लाल किंवा हिरवं, चार चाकांचं, ढकलायला दांडा. त्याचं पातं ज्या लोखंडी झाकणाखाली गरगरतं त्याला या दुकानात परात म्हणतात, कारण पालथी घातलेली परातच ती. परातीच्या पोटात काय चाललंय हे कुणी बघत नाही. तिथं ओलं गवत उडून छताला चिकटतं. त्यावर दुसरं चिकटतं. वाळून खपली धरते, खपलीखाली ओल राहते, ओलीखाली रंग फुगतो, आणि रंग फुगला की गंजाला आमंत्रण पाठवायची गरज उरत नाही. शिवाय पात्याबरोबर माती आणि वाळू फिरते, ती उरलासुरला रंग पॉलिश पेपरसारखी घासून काढते. वरून मशीन नवरदेवासारखं दिसत असतं आणि आतून पत्रा पापडासारखा होत असतो.

आत्या या दुकानात आली ती झाडलोट करायला आणि चहा करायला. तेव्हा थोरले मालक होते. एकदा मेकॅनिकनं पातं बदलायला एक मशीन आडवं केलं, आणि चहाचा ट्रे घेऊन निघालेली आत्या जागच्या जागी थबकली. लहान मूल आजारी असल्याचं कुणी आठ दिवस लपवून ठेवावं आणि आपल्याला अचानक दिसावं, तसा तिचा चेहरा झाला. हे कुणी बघितलंच नाही का, असं तिनं विचारलं. बघायला कुणाला वेळ आहे, असं मेकॅनिक म्हणाला. चहा गार झाला आणि आत्या खाली बसली. ती जी बसली ती सव्वीस वर्षं तिथंच आहे.

तिची पद्धत ठरलेली. मशीन परत आलं की आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला. पातं हातानं फिरवायचं असेल तर ही वायर आधी निघालीच पाहिजे, नाहीतर इंजिन चालू होईल आणि बोटं मोजताना चूक होईल, असं ती प्रत्येकाला सांगते. मग एअर फिल्टरची बाजू वर राहील अशा बेतानं मशीन आडवं करायचं. उलट्या कुशीवर पाडलं तर इंजिनचं ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि मग ते मशीन चुलीसारखं धूर सोडतं. मग खरवडणं. त्यासाठी तिच्याकडे घरातलं जुनं लाकडी उलथनं आहे, टोकाला तासून चपटं केलेलं. लोखंडी पट्टी ती कुणाला हातात धरू देत नाही. लोखंडानं गवत निघतं तसा रंगही निघतो, आणि रंग गेला की गेलंच. मग ओल्या फडक्यानं पुसून अर्धा दिवस उघड्यावर वाळवायचं. वर्षातून एकदा, गवत वाढायच्या आधी, मोठं काम: तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, गंजावरचा प्रायमर, रंगाचे दोन हात, दोन हातांत पूर्ण एका दिवसाचं अंतर, आणि सगळ्यावर मेण. एका गिऱ्हाइकानं एकदा मोठ्या हुशारीनं परातीत जळकं ऑइल फासून मशीन परत केलं होतं. गंज चढू नये म्हणून, असं तो कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला. त्या ऑइलला निम्मी हिरवळ चिकटून आली होती आणि उरलेल्या निम्म्या हिरवळीवर ऑइलचे थेंब पडून तिथलं गवत जळालं होतं. आत्यानं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. पुढे तो शिडीसुद्धा दुसऱ्या दुकानातून नेऊ लागला.

तिचे यजमान शिंपी आहेत. भाचा त्यांना काका म्हणतो. काकांनी कपडा हातात घेतला की ते आधी तो उलटा करतात आणि आतली शिवण बघतात. शिवण चांगली असली तर मग सुलटा करून रंग कोणता ते बघतात. अशा दोघांचा संसार मोठा गमतीचा चालतो. पाहुण्यांच्या घरी गेलं की आत्या कढई पालथी करून बघते आणि काका पडद्याचा काठ उलटतात. त्यामुळे त्यांना पाहुणचाराला फार कुणी बोलावत नाही, आणि बोलावलं तर आदल्या दिवशी घर खालून धुतात.

तर, ठिपका. परात मनासारखी दिसली, वाळली, तिच्यावरून तळवा फिरवला, की आत्या पिवळ्या रंगाच्या छोट्या डब्यात अंगठा बुडवते आणि दांड्याच्या उजव्या टोकावर एक ठिपका उमटवते. मशीन परत आलं की थिनरच्या फडक्यानं तो पुसते. ठिपका नसलेलं मशीन दाराबाहेर जात नाही. हा नियम कुणी कागदावर लिहिलेला नाही, कुणी मोडलेलाही नव्हता. गिऱ्हाइकं हळूहळू शहाणी झाली. दांड्याचं टोक बघितल्याशिवाय हात लावेनाशी झाली.

आता तो शनिवार. गेला आठवडाभर गवत वाढत होतं आणि शनिवारी सगळ्या गावाला ते एकदम दिसलं होतं. आत्या गालाला रुमाल बांधून दातांच्या डॉक्टरकडे गेली तेव्हा ठिपक्याची नऊ मशीनं तयार होती. दुकान उघडून तास झाला नाही तोच नऊच्या नऊ गेली. दहावे आले ते हेडमास्तर. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण भाच्याला त्यांनी एके काळी बाकावर उभं केलं होतं, आणि ते समोर आले की भाच्याचे गुडघे अजून आपोआप सरळ होतात. सरांना मशीन हवं होतं, ताबडतोब हवं होतं, आणि सरांच्या मागे आठ माणसं घड्याळं बघत उभी होती.

शेडमध्ये सतरा नंबरचं मशीन उभं होतं. बागांची कंत्राटं घेणाऱ्या ठेकेदारानं ते आदल्या संध्याकाळी परत केलं होतं, वरून पाइपानं धुऊन, वर पॉलिश मारून. आरशासारखं चमकत होतं. ठिपका तेवढा नव्हता.

आत्या असती तर तिनं लावलाच असता, असं भाचा मनाशी म्हणाला. जगातल्या बहुतेक खोट्या सह्या याच वाक्यानं सुरू होत असाव्यात. अंगठा पिवळा झाला तर दिवसभर पावत्यांवर उमटत राहील म्हणून त्यानं बारीक ब्रश घेतला, ठिपका काढला, फुंकर मारून वाळवला आणि मशीन सरांच्या स्वाधीन केलं. सरांनी दांड्याचं टोक पाहून समाधानानं मान हलवली. भाच्याला त्या क्षणी वाटलं की आपण आयुष्यात पहिल्यांदा सरांच्या हाताखाली पास झालो.

रविवारी सकाळी सर अंगणात गवत कापत असताना परातीच्या मागच्या कोपऱ्यातला पत्रा, जो गंजून कागदासारखा झाला होता, तो फाटला. तिथून आवळ्याएवढा एक दगड सुटला, अंगण ओलांडून खिडकीतून आत गेला आणि सरांच्या बाईंच्या कानापासून वीतभर अंतरानं जाऊन समोरच्या भिंतीवर आपटला. बाई वर्तमानपत्र वाचत होत्या. पान उलटायला पुढे वाकल्या होत्या म्हणून वीतभर.

सोमवारी सर दुकानात आले ते मशीन हातगाडीवर घालून, चारही चाकं वर करून, इस्पितळात पेशंट न्यावा तसं. खिशातून रुमाल काढला, उलगडला, आणि दगड काउंटरवर ठेवला. बाईंच्या कानाचं तेवढं सांगितलं; बाकीच्याला दगडच पुरेसा होता.

धाकटे मालक काचेच्या केबिनमधून धावत बाहेर आले. थोरले मालक लेकीकडे राहायला गेल्यापासून दुकान हेच बघतात. माणूस वाईट नाही. त्यांनी दुकानाला नवा रंग दिला, पाटीवर दिवे लावले, सगळ्यांना एकसारखे शर्ट शिवले. शर्ट काकांनीच शिवले आणि आतून इतके सुंदर शिवले की ते उलटे घालावेत असं भाच्याला वाटे. पण मालकांचा विश्वास दर्शनी भागावर. गिऱ्हाईक जे बघतं ते नीट असलं की झालं, असं ते म्हणत. गिऱ्हाईक जे बघत नाही त्यातूनच दगड सुटतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आत्या सव्वीस वर्षं सांगत होती, पण ते तिच्या पद्धतीनं, लाकडी उलथन्यानं.

सरांनी काठीच्या टोकानं आधी भोक दाखवलं, मग ठिपका. मालकांनी आत्याला हाक मारली.

आत्या आली ती दाढ त्याच सकाळी काढलेली, गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलेली. वर्षातून ज्या एका दिवशी तिला बोलायला बंदी होती, त्याच दिवशी हे व्हायचं होतं. तिनं आधी ठिपका पाहिला. वाकून, जवळून. मग परातीत हात घातला आणि काळ्या पडलेल्या, थरावर थर बसलेल्या गवताचा ओंजळभर लगदा बाहेर काढून काउंटरवर, दगडाशेजारी ठेवला. लगद्याला पत्र्याचे लालसर पापुद्रे चिकटले होते.

“चार वर्षांचं मशीन,” ती बोळ्याआडून म्हणाली. “अवघं चार वर्षांचं.”

मग तिनं भाच्याकडे एकदाच पाहिलं. भाचा खणात काहीतरी शोधायला लागला. त्या खणात शोधण्यासारखं काही नव्हतं, तरी तो बराच वेळ शोधत राहिला.

तिच्या ठिपक्यात अंगठ्याच्या रेघा असतात. सतरा नंबरच्या ठिपक्याला ब्रशच्या केसांची बारीक शेपटी होती. सरांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, मालकांना तर नव्हतंच. त्या खोलीत ही गोष्ट फक्त दोघांना कळत होती, आणि त्यातला एक जण खणात डोकं घालून बसला होता.

मालकांनी सरांची माफी मागितली, काच बसवून द्यायचं कबूल केलं, दुसरं मशीन पाठवतो म्हणाले. हे सगळं रीतसर झालं. मग आत्याकडे वळून अतिशय मऊ आवाजात म्हणाले की आत्याबाईंचंही आता वय झालं, शेडमध्ये उजेड कमी, नजर पूर्वीसारखी राहत नाही, त्यात कमीपणा काही नाही. पुढच्या आठवड्यापासून आत्याबाईंनी पुढे काउंटरजवळ बसावं, आल्यागेल्याला माहितीपत्रक द्यावं. मागचं बघणंबिघणं आता बंद. त्यांनी स्टिकर छापायला टाकलेच होते: सोनेरी किनार, मध्ये “पूर्ण तपासलेले”. तेवीसच्या तेवीस मशीनना एकदम लावून टाकायचे, रोजची कटकट नको. आणि तपासणीत आपल्याकडून चूक झाली असं आत्याबाईंनी सरांच्या समाधानासाठी दोन ओळींत लिहून द्यावं. शनिवारपर्यंत.

नजर. ज्या बाईला मोहरीएवढा रंग उडालेला परातीच्या अंधारात दिसतो, तिची नजर. भाच्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात पंप मागायला एक माणूस आला आणि भाच्यानं त्याला पंप दिला. त्या माणसाचे त्यानं मनातल्या मनात जितके आभार मानले तितके आजवर कुणाचे मानले नव्हते.

पुढचे दिवस भाच्याला जेवण गोड लागलं नाही. मंगळवारी तो आत्याच्या घरी गेला, सगळं सांगून टाकायचं असं जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ठरवत. आत्या गार दूध पीत होती. त्यानं दाढेची चौकशी केली. मग दुसऱ्या बाजूच्या दाढेची केली. दातांचा विषय संपला तेव्हा हवेचा काढला. आत्या त्याच्याकडे बघतही नव्हती. ती ठेकेदारावर चिडली होती. मशीन दोन-दोन महिने ओल्या गवतात वापरायचं, वरून अंघोळ घालायची, खालून तसंच सडू द्यायचं, आणि हे तो वर्षभर करतोय. दर वेळी ती खरवडते, दर वेळी मालकांना सांगते, आणि दर वेळी मालक म्हणतात मोठं गिऱ्हाईक आहे, दुखवू नका. मशीनला दुखतं त्याचं काय, असं तिनं दुधाच्या पेल्याला विचारलं. काका शिलाई मशीनवर बसले होते. त्यांनी भाच्याच्या शर्टाची बाही उलटून बघितली आणि खांदा आतून उसवायला लागलाय, आत्ताच काढून दे, असं म्हणाले. भाचा बनियनवर बसून राहिला. खांदा शिवून झाला तरी बोलणं झालं नाही. तो नीट शिवलेला शर्ट घालून जसा आला तसा परत गेला.

शनिवार उजाडला. काउंटरसमोर पुन्हा रांग. स्टिकरांचा खोका आला होता. मालकांनी कागद तयार ठेवला होता, फक्त सही हवी होती. सर स्वतः आले होते, रांगेच्या कडेला काठीवर हात ठेवून उभे होते. आत्याच्या गालाची सूज उतरली होती आणि बोळा निघाला होता. हे मालकांच्या लक्षात आलं असतं तर त्यांनी कदाचित दिवस बदलला असता.

आत्यानं कागद वाचला. मग म्हणाली, “बघून चुकले असते तर सही केली असती. हे मशीन मी बघितलंच नाही.”

मालकांनी साहजिक प्रश्न विचारला. बघितलं नाही, तर ठिपका कुणी लावला?

आत्यानं बोटानं पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. भाच्याला दिसलं की तिला नाव माहीत आहे, सोमवारपासून माहीत आहे, आणि ते ती उच्चारणार नाही. उच्चारलं तर भाच्याची नोकरी, न उच्चारलं तर सव्वीस वर्षांचा अंगठा. ती रागानं लालबुंद झाली होती, पण नाव काही तोंडातून काढत नव्हती. तिनं पेन कागदावर टेकवलं.

“मी लावला,” भाचा म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की रांगेतल्या शेवटच्या माणसानं पुढच्याला विचारलं, काय म्हणाला. म्हणून मग त्यानं पुन्हा सांगितलं, सगळं सांगितलं, ब्रशसकट.

सरांनी त्याच्याकडे फार जुन्या नजरेनं पाहिलं. इथं बाक असता तर तो आपण होऊन चढला असता.

मालक खवळतील असं सगळ्यांना वाटलं. मालक सुटकेचा श्वास टाकून हसले. मग काय, घरातल्या घरातलाच मामला, आत्या आणि भाचा, मिटला प्रश्न. भाच्यानं पुढे जपून वागावं, आत्याबाईंनी मनाला लावून घेऊ नये. आणि स्टिकर तर छापून झालेच आहेत. एवढं बोलून त्यांनी खोक्यातून एक सोनेरी स्टिकर सोलला आणि जवळच उभ्या असलेल्या चार नंबरच्या दांड्यावर चिकटवला, तळव्यानं दाबला, छान बसला म्हणाले. चार नंबर तासाभरापूर्वी परत आलं होतं. त्याच्या परातीतून अजून ओलं गवत गळत होतं.

इतका वेळ आत्याला राग आला होता. आता तिचा संताप झाला. ती ओरडली नाही. ती ओरडत नाही. तिनं आवाज खाली आणला, आणि तो खाली आलेला आवाज ऐकून मेकॅनिक शेडमधून उठून बाहेर गेला.

“मालक, तुम्हाला मी या काउंटरखाली रांगताना बघितलंय, म्हणून एवढंच सांगते. त्यानं न बघता एक ठिपका लावला आणि त्याला आठवडाभर झोप नाही. तुम्ही न बघता तेवीस लावताय आणि वर हसताय. त्या बाईंचं डोकं वीतभर मागे असतं तर हा कागद कुणाकडून सही करून घेतला असता? स्टिकरकडून?”

मालक काहीतरी म्हणू लागले. आत्या ऐकायला थांबली नाही. ती शेडमध्ये गेली, थिनरचं फडकं घेऊन आली, आणि तयार उभ्या असलेल्या मशीनांचे ठिपके एकामागून एक पुसायला लागली. स्वतःचे. अंगठ्याच्या रेघांचे, काल संध्याकाळी लावलेले, चोख. कुणाचा कोणता हे आता सांगता येत नाही, असं ती पुसता पुसता म्हणाली, म्हणून आजपासून एकही नाही. ज्याला न्यायचंय त्यानं सोनेरी किनार बघून न्यावं.

दुकानात थिनरचा वास पसरला. रांगेतून कुणी पुढे येईना. लहान मुलांचं पाळणाघर चालवणारी एक बाई सगळ्यात पुढे होती. तिनं दांड्याच्या रिकाम्या टोकाकडे पाहिलं, स्टिकरकडे पाहिलं आणि पर्स काखेत घट्ट धरून म्हणाली की आमच्याकडे पोरं अंगणातच असतात, मी थांबते. सरांनी काठी आपटून मालकांना विचारलं की हा स्टिकर कुणी, काय बघून लावला. प्रश्न सोपा होता, पाठांतराचा नव्हता, तरी मालक खोक्यातले स्टिकर मोजू लागले. हळूहळू रांग विस्कटली. कुणी म्हणालं सोमवारी येतो, कुणी म्हणालं आत्या बघेपर्यंत बाहेर बसतो. दुपारपर्यंत एकही मशीन हललं नाही. गावातलं गवत त्या दिवशी बिनधास्त वाढलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर मालक स्वतः स्टिकरांचा खोका उचलून केबिनमध्ये घेऊन गेले. तो कागद पुन्हा कुणाला दिसला नाही. संध्याकाळी शेडच्या दाराशी येऊन, पायानं जमिनीवरचं नसलेलं काहीतरी बाजूला सारत ते म्हणाले की मागचं काम आत्याबाईंनीच बघावं, आणि ठेकेदाराला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. आत्यानं ते आधीच ठरवलेलं होतं. बुधवारी ठेकेदार चकाकणारं मशीन घेऊन आला तेव्हा तिनं त्याला बसायला स्टूल दिलं, मशीन त्याच्यासमोर आडवं केलं आणि लाकडी उलथनं त्याच्या हातात दिलं. तो आधी हसला, मग मोठ्या गिऱ्हाइकासारखा बोलू लागला, मग केबिनकडे बघू लागला. केबिनचा पडदा ओढलेला होता. ठेकेदारानं खरवडलं. त्याच्या इस्त्रीच्या विजारीवर हिरवे डाग पडले, ते बरे दिसत होते.

राहता राहिला भाचा. आत्यानं त्याला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि हे फार वाईट होतं. तिनं एवढंच सांगितलं की तेवीस मशीनं पहिल्यापासून करायची आहेत, रंगासकट, आणि तिचे गुडघे दुखतात. भाचा समजला. रोज दुकान उघडायच्या तासभर आधी तो शेडमध्ये गुडघे टेकून बसू लागला. वायर काढायची, फिल्टर वर, खरवडायचं. पहिल्या दिवशी त्यानं एक मशीन उलट्या कुशीवर पाडलं आणि ते दिवसभर धूर सोडत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यानं लपूनछपून लोखंडी पट्टी घेतली. आत्यानं ती न बोलता काढून घेतली आणि कचऱ्यात टाकली. आठव्या दिवशी त्याला अंधारात हात फिरवून कळू लागलं, कुठं रंग आहे आणि कुठं नाही. शर्टाच्या बाहीला गवत, केसांत गंज, नखांत प्रायमर. बायको म्हणाली, तुम्हाला दुकानात बढती मिळाली का? तो म्हणाला, एका अर्थानं.

अठराव्या दिवशी शेवटचं मशीन आलं, सतरा नंबर. कोपऱ्यात नवा पत्रा जोडून आणला होता, जोड घासून सपाट केला होता. भाच्यानं ते जीव ओतून केलं. आत जाऊन बसता आलं असतं तर बसला असता. काम झाल्यावर फडकं खांद्यावर टाकून तो बाजूला झाला. आत्या आली, खाली वाकली, हात आत घातला आणि डोळे मिटून तळवा फिरवत राहिली. भाच्याला आता राहवेना. इतके दिवस साठलेलं त्यानं एका दमात बाहेर काढलं, की आत्या, माझं चुकलं, तू बोलत नाहीस ते मला सोसत नाही, आता तरी तुझा राग गेला का, तेवढं सांग.

आत्यानं हात बाहेर काढला, बोटाच्या टोकाकडे पाहिलं आणि म्हणाली, “पात्याच्या मागं गवत राहिलंय.”